डाख

पुण्याहून आलेल्या माणसानं काउंटरवर पेटी ठेवली,
कड्या उघडल्या, आणि आधी स्वतःचे हात पुसले.
"सांगा," म्हणाला, "कुठल्या सालची?"
भुसावळात मे महिना, दुपारचे दोन.
पंखा गरम हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेत होता.

मी गिटार पालथी घातली.
पाठीच्या पत्र्यावरचा नंबर वाचला नाही.
पत्रा चार पेचांचा, कुणाचाही कुणालाही बसतो,
शाळेच्या दाखल्यावरच्या एक जूनसारखा:
मास्तरांनी अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्माला घातला,
त्यात माझा बापही होता.
आत्या सांगायची, तापीला पाणी चढलं तेव्हाचा.
पाणी किती वेळा चढलं, ते तिनंही मोजलेलं नव्हतं.

आधी अंग बघायचं.
लाखेला बारीक तडे. थंड मुलखात ते आडवे जातात म्हणे,
इथे सत्तेचाळीस डिग्रीत वाट दिसेल तिकडे पळालेले.
पुढची पांढरी पट्टी पिवळी होऊन हिरवटाकडे झुकलेली,
कडेनं आखडून एका पेचापाशी चिरलेली.
दहा पेच अधिकच्या खाचेचे.
अकरावा सरळ खाचेचा, रेडिओच्या पाठीचा.
"हा उपरा," मी म्हणाले.
त्यानं वहीत लिहून घेतलं.

मग पट्टी उचलली.
व्हॉल्यूमच्या पोटाखाली, आरसा धरल्याशिवाय दिसत नाही तिथे:
१३७ ६६ १९.
पहिले तीन आकडे कारखान्याचे, मग साल, मग आठवडा.
एकोणिसावा आठवडा. म्हणजे तिकडेही मे.
"सहासष्टची!"
"त्याआधीची नाही, एवढंच.
सुटे भाग फळीवर पडून राहतात.
लग्नाच्या तारखेवरून पोराचं वय काढू नये."
तो हसला नाही.

खोबणीच्या तळाशी काजळी.
कापसाच्या बोळ्यानं उचलली, हुंगली: दगडी कोळसा.
शेडमध्ये वाफेची इंजिनं होती तेव्हाची ही,
रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचाला वाजणारी,
डेन्झिल रॉड्रिक्स फायरमनच्या गळ्यात.
माझा बाप त्याला दिनशील म्हणायचा.
पर्थला जाताना तो दुरुस्तीच्या उधारीपोटी
काहीतरी ठेवून गेला होता, एवढं ऐकून होते.
यातलं मी काही बोलले नाही.

काजळीवर दुसरा थर.
निळा.
नखाला लागला, जाईना.

आणि त्याच्याखाली, उघड्या लाकडावर बॉलपेनानं:
सु. तायडे, दु. १४-४-७३.
भिंग हातातच राहिलं.
गावातल्या निम्म्या रेडिओंच्या पोटात त्याची अशी तारीख आहे.
स्वतःची तेवढी नव्हती.

त्या दिवशी मिरवणूक. कलापथकाच्या गाडीवर
ऐन गाण्यात ही मुकी झाली असणार,
आणि सुपडू मेकॅनिक स्टोव्हवर तापवलेली डाखणी घेऊन
चालत्या गाडीत चढला असणार.
बाकीचे डाख राईएवढे, चकचकीत.
हा एक हरभऱ्याएवढा. घाईचा.

"हा बाहेरचा ना?" तो वाकला.
"हो."
"काढा. जुनी कापडी तार आणलीये मी. तो पेचही बदला.
एका सांध्यानं किंमत निम्मी होते. सगळं मूळ हवं."

डाखणी तापलेलीच होती. राळेचा वास दुकानभर.
बाप म्हणायचा, माणूस खोटं बोलस, डाख बोलत नही.
मी डाखणी स्टँडवर ठेवली, अँप लावला,
जाडी तार छेडली.
घरघर नाही, खरखर नाही.
समोरचा केळीवाला हातातला फणा तसाच धरून
इकडे बघत राहिला.

कागदावर लिहून दिलं:
मे सहासष्टच्या आधीची नाही.
एक डाख, एक पेच भुसावळचे, चौदा एप्रिल त्र्याहत्तर.
खाली सही केली, आडनाव पूर्ण लिहून.
त्यानं सही वाचली, खोबणीत पाहिलं,
पुन्हा सही वाचली.

"काढायचंच असेल तर मुंबईत काढून देतात,"
मी म्हणाले, आणि अकरावा पेच बसवला.
सरळ खाचेचा पेचकस दुकानात एकच आहे,
मूठ झिजलेला.
दोनशे रुपये झाले.